दोन फुटक्या माठांतली हळद

६ जानेवारी

दिपालीनं ही डायरी दिली. तिच्या बापाला खताच्या दुकानात मिळालेली, ती बी गेल्या सालची, म्हणून तारीख बराबर अन् वार चूक. मी म्हणलं, "मी काय लिहू बाई, माझी दुसरीतच शाळा सुटली." तर म्हणली, "आजी, दिवसभर बडबडतीस तेच लिही. मी गेल्यावर ऐकायला कोण हाय तुला?"

ती जाणार म्हणजे लगीन होऊन जाणार! हे आधी लिहायला पाहिजे होतं. माझ्या नातीचं लगीन जमलं. पोरगा कनेरगाव नाक्याचा, रोडवर ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान हाय. बघायला आला तवा दिपालीची शिलाई मशीन कोपऱ्यात अडकून बसलेली. पोरानं पोह्याची बशी खाली ठेवली, पेचकस मागितला, मशीन चालू केली अन् मग पोरगी बघितली. मी तिथंच होकार दिला. मला कोणी इचारलं न्हवतं, तरी दिला. तारीख अक्षय तृतीयेच्या पुढं धरली.

एवढी खुशीची गोष्ट, पहिल्यांदा रुक्माबाईला सांगावी म्हणून चप्पल घातली. दारात आले तवा ध्यानात आलं की रुक्माबाई कार्तिकातच गेली. चप्पल काढून परत आत आले. रागिणी, माझी सून, म्हणली, "काय झालं मामी?" म्हणलं, "काई न्हाई, ऊन लई हाय." जानेवारीतलं ऊन!

९ जानेवारी

दिपाली म्हणती रुक्माबाईचं लिही. तिला जवळा बाजारापर्यंत समदे वळखतात, तिचं काय लिहायचं? बरं, लिहिते.

मी लगीन होऊन आले अन् हळदीच्या टोळीत पहिल्यांदा गेले तवा मला कुदळ धरायची अक्कल न्हवती. पहिल्याच झाडाला कुदळ मधोमध घातली, गड्डा चिरला. मालक बांधावर उभा. रुक्माबाईनं तो गड्डा पटकन आपल्या पाटीत टाकला अन् ओरडली, "कोण्या मेल्यानं कुदळीला एवढी धार लावली!" मग माझ्या कानाशी म्हणली, "सुभद्रे, झोपलेलं लेकरू उठवतीस तशी उठव. बाजूनं." त्या दिवसापासून ती माझी अक्का.

हळदीत गड्डा म्हणजे आई अन् बोटाएवढी हळकुंडं म्हणजे तिची लेकरं. आमची बायांची टोळी खणते, आईपासून लेकरं मोडून येगळी करते, ती कढईत शिजवते, वाळवते. गड्डे बेण्याला, म्हणजे पुढच्या लागवडीला, ठेवायचे. रुक्माबाई टोळीची मुकादम. कढईत काडी टोचायचा मान तिचा. ती म्हणली 'काढा' की काढायची. कच्ची काढली तर हळद आतून पोकळ, जास्त झाली तर काळी.

तिचा नवरा जळबा विहिरीचं काम करताना दरड पडून गेला, तवा धम्मानंद तिच्या मांडीवर होता. तवापासून ती कोणाच्या हळदीकुंकवाला गेली न्हाई. अन् हात तर हंगामभर पिवळे! बाया टोमणे मारायच्या, "रंडकीचे हात बघा, नवरीवानी." ती हसायची, "मी कुठं लावून घेतली? मालकानं मजुरी देऊन लावली."

अन् तरी टोळीतल्या प्रत्येक पोरीची लग्नाची हळद रुक्माबाईच्या दारची. ही तिचीच रीत. मिरगाच्या आधी मालकाच्या बेण्यातला एक गड्डा मागून घ्यायची अन् दारातल्या फुटक्या माठात लावायची. माठाच्या गळ्याला त्या पोरीच्या कपड्याची चिंधी बांधायची. अक्षर येत न्हवतं ना, चिंधीवरून वळखायची कोणाची कोणती. पोरीच्या लग्नात ती हळद स्वतः कुटून द्यायची अन् मांडवाच्या भाईर उभी ऱ्हायची.

गेल्या मिरगाला दिपालीचा माठ लावला तवा पोरीचं कुठं काईच न्हवतं. मी म्हणलं, "अक्का, काहून घाई करून राहिली?" तर म्हणली, "माठाला वाट बघता येती, मला न्हाई येत." पहिल्यापासूनच उतावळी होती ती.

२७ जानेवारी

आज माठ आणले. धम्मानंद अन् त्याची बायको शीतल हिंगोलीला ऱ्हातात, तो लाइटीच्या हापिसात, ती बालवाडीवर. घराला कुलूप. पण माठ भाईर लिंबाखालीच होते. पानं वाळून आडवी झालेली, म्हणजे काढायला तयार.

पण एक न्हाई, दोन माठ! एकाला दिपालीच्या शाळेची लाल रिबीन बांधलेली. ती तर वळखली. दुसऱ्याला हिरवी चिंधी. जवळ जाऊन बघते तर माझ्याच हिरव्या लुगड्याची. आमचे मालक, म्हणजे माझे घरधनी दगडोबा, गेले त्यानंतर मी ते नेसायचं सोडलं अन् रुक्माबाईला दिलं होतं, कामावर डोक्याला बांधायला. तीच चिंधी तिच्या हाताशी लागली असंल. औंदा टोळीत दुसरी लग्नाची पोर कोणती, हे म्या लई आठवलं. टोळीतल्या जिवनबाईची धाकटी तर अजून सातवीत हाय.

शीतलला फोन लावला. मागं लेकरांचा कालवा. म्हणली, "मावशी, दोन्ही घेऊन जा, तुमच्यासाठीच ठेवलेत. मी एप्रिलातली जयंती झाल्यावर येते, मग निवांत बोलू." गुणी पोर हाय. सासूचे माठ बी असे देऊन टाकले.

दोन्ही डोक्यावर जाईनात. जिवनबाईनं एक घेतला. रस्त्यानं म्हणली, "बया, रुक्माबाई मेल्यावर बी आपल्याला वझं उचलायला लावून राहिली." लई हसलो.

३ फेब्रुवारी

उत्तमरावांच्या रानात हळद निघाली. उत्तमराव म्हणजे ज्यांच्या रानात आमची टोळी हंगामभर असती ते. गावात समद्यांकडं आता वाफेचं मशीन येतं, ह्यांनी कढई ठेवली. म्हणले, "रुक्माबाईची टोळी हाय तोवर कढई." मग माझ्याकडं बघितलं. टोळीनं बी बघितलं. मी मागं वळून बघितलं की कोणाकडं बघून राहिले! मागं कोणीच न्हवतं.

८ फेब्रुवारी

पहिली कढई लागली. पांढरा फेस वर आला. टोळीतल्या नीलाबाईनं काडी माझ्या हातात दिली. वास बदलला ते मला कळलं. मातीचा वास जातो अन् गोडसर येतो. काडी टोचली, आरपार गेली. "काढा," म्हणलं. माझा आवाज मलाच येगळा वाटला.

आता मला हे कसं जमलं म्हणाल तर गेल्या साली रुक्माबाईला आळस चढला होता. अख्खा हंगाम बसून ऱ्हायची. "सुभद्रे, तू टोच काडी, माझे डोळे चरचर करतेत." मी चिडायचे. कारण त्याच डोळ्यांनी संध्याकाळी सुईत दोरा ओवायची, पहिल्या फटक्यात. मी तोंडावर म्हणलं होतं, "अक्का, कढईच बरी दिसत न्हाई तुला?" तर म्हणली, "म्हातारपणाचे डोळे असेच, मर्जीनं चालतात." तिचा आळस माझ्या कामाला आला म्हणायचा.

अन् एक काम पूर्ण केलं. रुक्माबाई दरसाल मालकाकडून मागून आणलेल्या गड्ड्याच्या बदल्यात ओंजळभर हळकुंडं पहिल्या कढईत परत टाकायची. "घेतलेलं बेणं परत केलं की पोरीची हळद तिची." म्या इचार केला, औंदा तिला आजारपण कळलं असंल, म्हणून मालकाचं परत करायला तिनं एक आख्खा माठच लावला असंल. हिरव्या चिंधीचा माठ फोडला. लई पीक निघालं, पाटीभर. दिपालीच्या माठापेक्षा जास्त. समदी हळकुंडं कढईत ओतली. उत्तमराव म्हणले, "आजी, एवढी?" म्हणलं, "रुक्माबाईचा हिशेब हाय, ठेवून घ्या." मला लई हलकं वाटलं.

दिपालीची हळद घरी पातेल्यात येगळी शिजवली.

१५ फेब्रुवारी

महाशिवरात्र. औंढ्याला जाऊन आले. रुक्माबाई देवाला येत न्हवती, जत्रेला येत होती. मी रांगेत उभी ऱ्हायचे अन् ती भाईर रेवड्या घेऊन बसायची. दर्शन करून आले की इचारायची, "काय म्हणला तुझा देव?" मी म्हणायचे, "तुझी आठवण काढून राहिला होता." "त्याला सांग, मी हाय भाईरच."

आज रेवड्या घेतल्या अन् तिच्या जागेवर बसले. एक बाई म्हणली, "सरका की आजी, कोणाची वाट बघून राहिल्या?" सरकले.

२ मार्च

दिपालीची हळद वाळली. एक हळकुंड मोडून बघितलं, टण्णकन वाजलं. आत नारिंगी, सोन्यासारखं. दिपालीला दाखवलं, ती फोनवर बोलून राहिली होती, नाक्याच्या पोराशी, अंगठा दाखवून हसली. रागिणीला दाखवलं, म्हणली, "छान हाय मामी." शेळीला दाखवलं म्हणा, ती खायला आली.

रुक्माबाईनं हातात घेऊन बघितलं असतं. दाताखाली धरून कटकन तोडलं असतं अन् थुंकून म्हणली असती, "बरी हाय." तिच्या तोंडून 'बरी हाय' निघालं की आमी टोळीच्या बाया दिवसभर खूश. आता मला कोण म्हणणार बरी हाय?

१९ मार्च

पाडवा. उत्तमरावांची हळद पॉलिश होऊन हिंगोलीच्या बाजारात गेली. महिना झाला, त्याच ढिगात हात होते आमचे. उलथायची, निवडायची, पोत्यात भरायची. शेवटचं पोतं शिवताना नीलाबाई म्हणली, "मुकादमीण, आता हात धुवा." म्हणजे मला म्हणली. मी म्हणलं, "मुकादमीण कोणाला म्हणतीस गं?" तर समद्या हसल्या.

हात धुतले. जात कुठं हाय? नखांत, भेगांत तशीच हाय.

१६ एप्रिल

माझी नणंद अनुसयाबाई आली. तिला लग्नाची समदी रीत पाठ हाय अन् ती समद्यांना ऐकवायला बी आवडतं. म्हणली, "पाच सवाष्णी पाहिजेत. जात्याला बी त्याच हात लावणार अन् पोरीला बी त्याच. वहिनी, तुम्ही मागं बसा, गाणी म्हणा."

मी म्हणलं, "व्हय, बसते की." त्यात काय? मालक गेल्यापासून मी मागंच बसते. मागं बसलं की समदं दिसतं बी बरं.

पण दिपालीनं मशीनवरून मान वर केली. "आजीनं हळद खणली, आजीनं शिजवली, अन् आजी मागं?"

अनुसयाबाई म्हणली, "बाई, ती पद्धत हाय."

"मग माझी बी पद्धत हाय. आजीनं पहिल्यांदा लावली न्हाई तर मी पाटावर बसणार न्हाई."

रागिणीचा चेहरा उतरला. नाक्याची माणसं काय म्हणतील? पोरीच्या लग्नात माझ्यावरून वाद नको. मी दिपालीला मागच्या अंगणात नेलं अन् म्हणलं, "तुझी हळद माझ्या डोळ्यासमोर लागली तरी मला लागल्यावानीच हाय." ती रडली. अन् म्हणली, "तुला लावावी वाटती का न्हाई, एवढं सांग." म्या शेळीला पाला टाकला.

वाटती. इथं लिहिते, इथं कोण बघतंय?

२४ एप्रिल, सकाळी

वऱ्हाड यायला वेळ हाय. काल हळद झाली. झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

सकाळी पाच सवाष्णींनी जात्यावर हळद दळली. मी मागं बसून गाणी म्हणली. दिपाली पाटावर बसली, म्या आण घातली होती म्हणून. पण तोंड असं, जसं डॉक्टरकडं आणलीय.

अनुसयाबाईनं वाटी उचलली तेवढ्यात शीतल आली. हिंगोलीच्या गाडीला उशीर झाला म्हणे. निळी साडी, हातात आहेराची पिशवी. येऊन सरळ माझ्या पाया पडली अन् म्हणली, "मावशी, तुमची लागली का?"

म्हणलं, "माझी काय?"

"तुमची हळद. आईनं दवाखान्यात मला चारदा सांगितलं. लाल चिंधीचा माठ नातीचा, हिरव्या चिंधीचा आजीचा. म्हणल्या, सुभद्रा स्वतःहून लावून घ्यायची न्हाई, तू जा अन् आधी तिला लाव. मग तिच्या हातानं पोरीला. म्हणल्या, मला कोणी लावली न्हाई, मी लावून घेतली बी न्हाई, ते माझं राहिलंच. तिचं राहू नये."

मला तर ऐकूच येईना नीट. हिरवी चिंधी. माझं लुगडं. चिंधीवरून वळखायची ती. मला चिंधी दिसली, माझीच दिसली, अन् तरी...

"कुठंय ती हळद?" शीतल म्हणली.

जिवनबाईच म्हणली, "अगं माय! ती तर हिनं उत्तमरावांच्या कढईत ओतली! पॉलिश होऊन कवाच बाजारात गेली!"

कोणीतरी हसलं. मग समद्याच हसल्या, मी बी. असा येडेपणा माझ्याशिवाय कोण करणार? माझ्या वाटणीची पाटीभर हळद, तिनं पाणी घालून वाढवलेली, आता कुठं कुठं कोणाच्या वरणात पडली असंल. हसता हसता मला रडू फुटलं अन् थांबंना. ती गेली त्या दिवशी बी मी एवढी रडले न्हवते. त्या दिवशी शेळ्यांना पाणी पाजायचं होतं.

दिपाली पाटावरून उठली. नवरीनं उठू नये, तरी उठली. माझे दोन्ही हात धरले अन् उलटे करून बघितले. "आजी, ह्याच ढिगात तुझे हात महिनाभर होते ना?"

नखं पिवळी. तळव्यावरच्या भेगा पिवळ्या. धुऊन बी न गेलेल्या.

शीतल म्हणली, "मग लागलीच की मावशी. आईनं बराबर लावली."

मी अनुसयाबाईकडं बघितलं. माझं काय चुकलं तर तीच सांगणार. ती वाटी धरून उभी होती. मग म्हणली, "वहिनी, बघत काय बसल्या? लेकरू उभ्यानं ताटकळून राहिलं. लावा." अन् वाटी माझ्यापुढं केली. मग हळूच म्हणली, "नाक्याच्या लोकांना मी सांगते काय सांगायचं ते."

मी दिपालीच्या गालाला हळद लावली. आधी डाव्या, मग उजव्या. पोरगी अशी दिसली की काय सांगू. मग मी वाटी शीतलपुढं केली. ती म्हणली, "मी बी?" म्हणलं, "तुझ्या सासूची हळद हाय बाई, तू न्हाई तर कोण?"

समदं झाल्यावर माझी नजर मांडवाच्या भाईर गेली. रुक्माबाई जिथं उभी ऱ्हायची तिथं. सवयीनं गेली. तिथं जिवनबाईची धाकटी उभी होती, मला म्हणली, "आजी, माझा माठ कवा लावणार?" म्हणलं, "आधी सातवी पास हो."

पण एक गड्डा उत्तमरावांकडून मागून ठेवलाय.

रागिणी हाक मारून राहिली, भांडी पडलीत. तिला म्हणलं, तूच घास आज. ती म्हणली, "मामी, बरं न्हाई का?" म्हणलं, बरी हाय. फक्त आजचा दिवस मला हात पाण्यात घालायचे न्हाईत.